या चुका टाळा: रिफ्लेक्शनला अ‍ॅनोटेशन का सापडत नाही?

समजा, मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांच्या मेंटेनन्स बिलांचं सॉफ्टवेअर तुम्ही जावात लिहिताय. फ्लॅट नंबर रिकामा राहू नये म्हणून त्या प्रायव्हेट फील्डवर @आवश्यक हे स्वतःचं अ‍ॅनोटेशन, म्हणजे कोडवर लावायची खूण, लावलंत. ती खूण प्रोग्रॅम चालू असताना रिफ्लेक्शनने, म्हणजे कोडने स्वतःचीच रचना वाचून, शोधायची. (जावात देवनागरी नावं चालतात.) कोड कंपाइल होतो, चालतोही, आणि गोरेगावच्या एका सोसायटीची बिलं फ्लॅट नंबराशिवाय छापली जातात. एक्सेप्शन नाही, लॉगमध्ये ओळ नाही. रिफ्लेक्शनचं गेटअ‍ॅनोटेशन नल (म्हणजे ‘काही सापडलं नाही’) देतं आणि तपासणीचा कोड पुढे निघून जातो.

सगळ्यात आधी @रिटेन्शन बघा; अ‍ॅनोटेशन कुठवर टिकतं हे ते ठरवतं. ते लिहिलंच नसेल तर जावा ‘क्लास’ ही पॉलिसी धरतो. म्हणजे अ‍ॅनोटेशन कंपाइल झालेल्या क्लास फाइलमध्ये असतं, पण रिफ्लेक्शनला दिसत नाही. सोर्स पॉलिसीचं तर तिथवरही पोचत नाही. @ओव्हरराइड या प्रकारातलं आहे, म्हणून ते रनटाइमला शोधण्यात अर्थ नाही. आपल्याला रनटाइम पॉलिसीच हवी.

ती दुरुस्ती केल्यावरही नलच येतंय? इथे बरेच जण तासन्‌तास अडकतात. अ‍ॅनोटेशन दिसणारं की न दिसणारं, याची नोंद ते जिथे वापरलंय त्या क्लासच्या फाइलमध्ये, तो क्लास कंपाइल होताना होते. फक्त अ‍ॅनोटेशनची फाइल पुन्हा कंपाइल केली तर बिलाच्या क्लासमध्ये जुनीच नोंद राहते. क्लीन बिल्ड करा, म्हणजे सगळं नव्याने कंपाइल करा. मग त्या क्लासवर जावापी ही क्लास फाइलमधलं दाखवणारी कमांड -व्ही आणि -पी लावून चालवा. -पी नसेल तर प्रायव्हेट फील्ड दिसणारच नाही. तिथे रनटाइम-व्हिजिबल-अ‍ॅनोटेशन्स दिसलं तर बिल्ड ठीक आहे, दोष वाचणाऱ्या कोडमध्ये शोधा. इनव्हिजिबल दिसलं तर वाचणाऱ्या कोडला हात लावू नका. माझं मत स्पष्ट आहे: डीबगर उघडण्याआधी हे बघावं.

वाचणाऱ्या कोडमध्ये गेटफील्ड्स वापरलंय का? ते फक्त पब्लिक फील्ड्स देतं. प्रायव्हेटसाठी गेटडिक्लेअर्डफील्ड्स लागतं. तेही त्या एका क्लासपुरतंच, म्हणून गेटसुपरक्लासने वर चढत जावं लागतं. सेटअ‍ॅक्सेसिबल मात्र अ‍ॅनोटेशन वाचायला लागत नाही, फील्डची किंमत वाचायला लागतं.

@इनहेरिटेड लावलं की सगळं वारशाने येतं, हा समज सोडा. ते फक्त क्लासवरच्या अ‍ॅनोटेशनला आणि फक्त सुपरक्लासकडून लागू होतं. इंटरफेसवरचं खाली येत नाही. ओव्हरराइड केलेल्या मेथडवर अ‍ॅनोटेशन पुन्हा लिहावंच लागतं. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कमध्ये याचाच फटका बसतो: हातात आलेला ऑब्जेक्ट पुष्कळदा तुमच्या क्लासचा नसून प्रॉक्सीचा (त्याच्या जागी उभ्या केलेल्या क्लासचा) असतो, आणि त्याच्या मेथडवर अ‍ॅनोटेशन नसतं. अशा वेळी एओपीयुटिल्सच्या गेटटार्गेटक्लासने मूळ क्लास काढा.

जावा ८ पासून @रिपीटेबल आलं. एकाच जागी तेच अ‍ॅनोटेशन दोनदा लावलं की गेटअ‍ॅनोटेशन नल देतं; गेटअ‍ॅनोटेशन्सबायटाइप वापरा.

आणि लॅपटॉपवर चालतंय पण सर्व्हरवर नाही, तर क्लासपाथ (जावा क्लास जिथे शोधतो त्या जागांची यादी) तपासा. अ‍ॅनोटेशनचा क्लास असलेली जार फाइल तिथे नसेल तर जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारं यंत्र) एरर देत नाही, ते अ‍ॅनोटेशन गाळून पुढे जातं.