कोल्हापुरात राहून वजन कमी करताय? मग जिभेचा मोह आणि अति खाणं असं सांभाळा

वजन कमी करायचं म्हटलं की आजूबाजूचे सगळे एकच सांगतात, बाहेरचं बंद कर, गोड बंद कर, भात बंद कर. आता कोल्हापुरात राहून हे पाळायचं म्हणजे सकाळी मिसळीच्या वासातनं गाडी काढायची, बुधवारी-रविवारी घरात मटणाचा मसाला भाजायला लागला की दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं आणि संध्याकाळी रंकाळ्यावर चालायला गेलं तर भेळेच्या गाड्यांकडं बघायचं पण नाही. चार दिवस जमतं, आठ दिवस जमतं, मग एका रात्री असं सुटतं की सगळं एका बैठकीत भरून निघतं. तुमच्यात जिद्दच नाही असं कुणी म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नका, बहुतेक वेळा पद्धत चुकलेली असते. पोट उपाशी ठेवून तोंडावर ताबा येत नाही. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं बरंच सोपं जातं, म्हणून सुरुवात तिथनंच करूया.

पायरी १: दिवसा नीट जेवा

संध्याकाळी सहा ते रात्री दहा या वेळात जे अति खाणं होतं त्याचं मूळ बऱ्याचदा सकाळी असतं. सकाळी नुसता चहा, दुपारी डब्यात दोन पातळ चपात्या, "डाएट चाललंय" म्हणून भात नाही डाळ नाही, आणि मग सहाला ऑफिसातनं सुटल्यावर समोर वड्याची कढई. तिथं कुणाचंच काही चालत नाही कारण शरीर खरंच उपाशी असतं.

रोजच्या गरजेपेक्षा साधारण ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास वजन उतरू शकतं, आणि एवढं पुरे आहे, यापेक्षा घाई केली की भूक मागनं वसूल करते. प्रत्येक जेवणात प्रोटीन असू दे, म्हणजे दोन अंडी, वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ, झुणका, घट्ट डाळ, दही असं काहीतरी, त्यानं पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. भाकरी, उसळ, कच्चा कांदा, काकडी आणि ताक हे आपलं साधं जेवण कुठल्याही महागड्या डाएट प्लॅनपेक्षा कमी नाही असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त फोडणीच्या तेलाकडं बघा. एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळपास १२० कॅलरी, आणि आपल्याकडं भाजीत तेल मोजून कोण घालतंय, बाटली तिरकी केली की झालं. आठवडाभर चमच्यानं घालून बघा.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला मूठभर फुटाणे, भाजलेले शेंगदाणे नाहीतर एखादं फळ खाऊन घ्या. हे एवढंसं खाणं रात्रीचं मोठं संकट टाळतं.

चहाचं पण बघा. दिवसात पाच-सहा कप होत असतील आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असेल तर नुसत्या साखरेच्याच दोनशेच्या आसपास कॅलरी होतात आणि पोटाला त्याचा पत्ताही नसतो. "मी गुळाचा चहा घेतो की" असं म्हणून पण भागत नाही. कोल्हापुरी गुळाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच पाहिजे, पण कॅलरीच्या हिशोबात गूळ आणि साखर जवळजवळ सारखेच.

पायरी २: आठवडाभर फक्त लिहून काढा

काही बदलू नका, मोबाईलमध्ये टिपून ठेवा. किती वाजता जास्त खाल्लं, कुठं, कोण बरोबर होतं, आणि त्याआधी मनात काय चाललं होतं. सात दिवसात चित्र स्वच्छ दिसतं. कुणाचं सगळं बिघडतं रात्री टीव्हीसमोर, कुणाचं पोरांच्या ताटातलं उरलेलं संपवताना, कुणाचं साहेब ओरडल्यावर, तर कुणाचं कट्ट्यावर मित्रांबरोबर, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो.

भूक खरी की नुसता मोह हे ओळखायला एक सोपा प्रश्न स्वतःला विचारा: आत्ता कुणी भाकरी आणि मेथीची भाजी दिली तर खाईन का? उत्तर हो असेल तर भूक आहे, मग जेवा, उगंच टाळू नका. भाजी-भाकरी नको पण कॉकटेल आइस्क्रीम चालेल असं असेल तर तो मोह आहे, त्याचं पुढं बघू.

पायरी ३: घरातलं कपाट आवरा

फरसाणाचा किलोभर पुडा, खारीचा डबा, बिस्किटं, वेफर्स हे हाताशी असलं की दिवसातनं वीस वेळा मनाशी भांडायला लागतं, आणि वीस वेळा कोण जिंकणार? घरातल्या बाकीच्यांना पाहिजे असेल तर छोटं पाकीट आणा, झाकणाच्या, आतलं दिसणार नाही अशा डब्यात वरच्या फळीवर ठेवा. खायचंच असेल तर वाटीत काढून, बसून खा, पुड्यात हात घालून खाल्लं की किती गेलं ते कळतच नाही.

अमेरिकेत केविन हॉल या संशोधकांनी २०१९ साली छापलेल्या एका अभ्यासात २० लोकांना दोन आठवडे पाकीटबंद, कारखान्यात तयार झालेलं खाणं आणि दोन आठवडे साधं, घरच्यासारखं खाणं दिलं, पाहिजे तेवढं खा म्हणून सांगितलं. पाकीटबंद खाण्याच्या दिवसात तीच माणसं रोज जवळपास ५०० कॅलरी जास्त खात होती. म्हणजे माणूस तोच, समोरचं खाणं बदललं की आकडा बदलतो. म्हणून स्वतःला हावरट म्हणायच्या आधी कपाट बघा.

पायरी ४: मिसळ सोडू नका, वार ठरवा

"आजपासून मिसळ बंद" असं म्हटलं की दिवसभर डोक्यात मिसळच फिरते. त्यापेक्षा आठवड्यातला एक वार ठरवा, समजा रविवार सकाळ. मग मंगळवारी मित्र म्हणाला "चल की, मिसळ हाणू" तर तुम्हाला नाही म्हणायचं नसतं, "रविवारी जाऊया, मी येतोय" म्हणायचं असतं, आणि हे म्हणायला खूप हलकं जातं.

आता रविवारी गेल्यावर काय करायचं ते नीट सांगतो. जायच्या आधी घरी एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही खा, उपाशी जाऊ नका. मिसळ समोर आली की खाली मटकीची उसळ असते, वर फरसाण, कांदा, कोथिंबीर, आणि बाजूच्या भांड्यात कट. यात मटकी तुमच्या फायद्याची आहे, अडचण फरसाणात आणि कटावरच्या तेलात. ऑर्डर देतानाच "फरसाण कमी, कांदा जास्त" सांगा, हॉटेलवाले ऐकतात. कट आला की लगेच ओतू नका, मिनिटभर तसाच ठेवा, लाल तर्री वर येऊन थांबते, मग ती चमच्यानं एका बाजूला सारून खालचा रस्सा घ्या. झणझणीतपणा जात नाही, तेल मात्र बरंच वाचतं. ब्रेडचे दोन स्लाइस घ्या आणि तेवढ्यावर थांबा, कारण खरा घोटाळा असा होतो की कट उरला म्हणून ब्रेड मागवायचा आणि ब्रेड उरला म्हणून कट, हे चक्र फिरत राहतं. लिंबू पिळा, हळू खा. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला साधारण २० मिनिटं लागतात आणि मिसळ आपण सात-आठ मिनिटात संपवतो.

गंगावेशीत रात्री धारोष्ण म्हशीचं दूध पिणारे पण असतात. त्यांनी ते जेवणावरचं पाणी समजू नये, म्हशीच्या दुधाचा मोठा ग्लास साखर न घालता सुद्धा अडीचशे कॅलरीच्या आसपास जातो. ज्या दिवशी दूध त्या दिवशी रात्रीचं जेवण हलकं.

पायरी ५: तांबडा-पांढऱ्याच्या ताटावर बसल्यावर

इथं क्रम महत्त्वाचा. आधी कांदा-काकडी-लिंबू खा, मग वाटीभर तांबडा रस्सा सावकाश प्या, मग सुकं मटण. मटणात प्रोटीन आहे, त्याला घाबरायचं कारण नाही, फक्त चरबीचे तुकडे बाजूला ठेवा. भाकरी एक, फार तर दीड. पांढरा रस्सा दिसायला सौम्य असतो म्हणून लोक वाटीवर वाटी पितात, पण त्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ असतं, तो हलका नाही. एक वाटी मनापासून प्या आणि वाढपी परत आला की वाटीवर हात ठेवा. पाहिजे तेवढा रस्सा मिळतोय म्हणून पैसे वसूल करायला जाऊ नका. भात शेवटी येतो, तोवर पोट भरलेलं असतं, तरी सवयीनं आपण डोंगर घालून घेतो, तिथं दोन चमच्यांवर थांबता आलं तर अर्धी लढाई जिंकली.

आखाडात श्रावणाच्या आधी "आता महिनाभर मिळणार नाही" म्हणून जे मटण हाणलं जातं त्यामागं पण हेच आहे, पुढं बंदी दिसली की आज पोटाला सीमा राहत नाही. आणि मग श्रावणात उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू. एकादशी दुप्पट खाशी हे आपल्याच लोकांनी म्हणून ठेवलंय. उपवास करायचाच असेल तर वरईचा भात, शेंगदाण्याची आमटी, दही, फळं यावर करा, तळलेलं नको.

पायरी ६: आग्रहाला उत्तर तयार ठेवा

पाहुण्यांकडं गेल्यावर काकी म्हणणारच, "खा की गं, एवढ्यानं काय होतंय, हाडं निघाल्यात बघ." तिच्या मनात मायाच असते, त्यामुळं "माझं डाएट आहे" असं सांगितलं की ती दुखावते आणि वर दोन लाडू जास्त येतात. त्यापेक्षा काहीतरी मागा. "काकी, तुमच्या हातचा झुणका तेवढा घाला थोडा, बाकी पोट गच्च झालंय." मागून घेतलं की मान राखला जातो आणि काय घ्यायचं ते तुमच्या हातात राहतं. गोड पदार्थ असेल तर पहिल्यांदा अर्धाच घ्या, म्हणजे आग्रह झाला की उरलेला अर्धा घेता येतो. लग्नात पंगतीला बसलात तर ताट रिकामं ठेवू नका, रिकामं दिसलं की वाढलंच जातं.

पायरी ७: मोह आला की २० मिनिटं काढा

रात्री साडेदहाला अचानक आइस्क्रीम आठवलं. ही ओढ लाटेसारखी असते, चढते आणि बरेचदा पंधरा-वीस मिनिटात ओसरते, तुम्ही काही केलं नाही तरी. तेवढ्या वेळात जागा बदला. स्वयंपाकघरातनं बाहेर या, दात घासा, खाली उतरून गल्लीत एक चक्कर मारा, बहिणीला फोन लावा. "नाही म्हणजे नाही" असं स्वतःला दटावू नका, "वीस मिनिटांनी ठरवू" एवढंच म्हणा. वीस मिनिटांनंतरही पाहिजेच असेल तर एक स्कूप, वाटीत, बसून खा. फॅमिली पॅक घरात आणायचा नाही.

पायरी ८: जास्त खाल्लंच गेलं तर

खरं सांगायचं तर सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. एका दिवशी चार वडे गेले, यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या वाक्यानं, "आता मोडलंच आहे तर आज खाऊनच घेऊ, सोमवारपासून बघू." १९७५ साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून बघितलं होतं. आधी मिल्कशेक प्यायल्यावर साधी माणसं पुढचं आइस्क्रीम कमी खात होती, पण खाण्यावर सतत बंधन घालणारी माणसं मिल्कशेकनंतर उलट जास्त खात होती. एकदा नियम मोडला की धरणाचे दरवाजेच उघडतात.

म्हणून काय करायचं, तर पुढचं जेवण वेळेवर आणि नेहमीसारखं. दुसऱ्या दिवशी कडक उपास नको, शिक्षा म्हणून दोन तास पळायला पण नको, त्यानं भूक वाढते आणि परत तेच होतं. आणि दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर किलोभर वाढलेलं दिसलं तर घाबरू नका. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, तेवढ्या जास्तीच्या एका जेवणात जात नाहीत. ते रस्स्यातलं मीठ आणि भात-ब्रेडमुळं धरून ठेवलेलं पाणी असतं, दोन-तीन दिवसात उतरतं. रोज वजन करून जीव घाबरत असेल तर आठवड्यातनं एकदाच, ठरलेल्या वारी सकाळी करा.

पायरी ९: झोप

झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन वाढतं, गोड-तळकट जास्त खावंसं वाटतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांना हे सांगायला नको. त्यांनी घरनं डबा न्यावा, रात्री बाराच्या आत नीट जेवण, तीनला ताक किंवा फुटाणे, आणि सकाळी सुटल्यावर वड्याच्या गाडीवर न थांबता घरी येऊन थोडं खाऊन झोपावं.

कुणी एकट्यानं करू नये

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, गरोदर असाल, बाळाला पाजत असाल तर जेवण कमी करायच्या आधी डॉक्टरांना विचारा. आणि अजून एक, थोड्या वेळात खूप जास्त खाल्लं जातंय, थांबवताच येत नाही, लपून खावं लागतंय, नंतर स्वतःचा तिटकारा येतोय, असं आठवड्यातनं एकदा तरी आणि तीन महिने चाललं असेल तर वरच्या पायऱ्यांवर भागवू नका. हा बिंज ईटिंग नावाचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. खाऊन झाल्यावर मुद्दाम उलटी काढत असाल तर अजिबात वाट बघू नका. सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा आपल्या ओळखीच्या डॉक्टरांकडं जाऊन मानसोपचारतज्ज्ञांची गाठ घ्या, आणि लगेच कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीतनं बोलता येतं.