वाफेचं छोटं इंजिन घरी बनवताना या चुका टाळा

रेग्युलेटर (वाफ सोडायची चावी) उघडला, चाकांनी दोन उचक्या दिल्या आणि इंजिन थांबलं. अशा वेळी हात आपसूक सेफ्टी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगकडे जातो. तो आवरा. 45 मिमी गेजचं (म्हणजे रुळांमधलं अंतर) दोन सिलिंडरचं छोटं रेल्वे इंजिन नीट जुळलेलं असेल तर दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलो दाबाच्या हवेवरही सावकाश फिरतं. तेच 3 किलोला अडत असेल तर खोट दाबात नाही. चाकांत आहे, दांड्यांत आहे किंवा व्हॉल्व्हमध्ये. स्प्रिंग आवळून ती झाकली जाते आणि बॉयलरवर भार चढतो तो वेगळाच.

मिरज–बेळगाव–लोंढा मार्ग एके काळी मीटरगेज होता, त्यामुळे इकडच्या माणसाला पहिल्याच फटक्यात वायपी (मीटरगेजचं वाफेचं प्रवासी इंजिन) करावीशी वाटते. हिशोबही मोहात पाडतो: 1:22.5 प्रमाणात मीटरगेज 45 मिमीच्या रुळावर जवळजवळ नेमकं बसतं आणि वायपीचं 1372 मिमीचं चाक 61 मिमीचं होतं. पण ती दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला करा. पहिल्या इंजिनाला चार चाकं, दोन सिलिंडर आणि स्लिप एक्सेंट्रिक (व्हॉल्व्ह हलवणारी, धुऱ्यावर एका बाजूला सरकवून बसवलेली चकती) पुरे.

ओतकाम

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक वसाहती हाताशी असल्यामुळे ओतकामाचा प्रश्न सुटला असं वाटतं. निम्मा सुटतो. मोठ्या ऑर्डरीच्या शेवटी पळीत उरलेल्या धातूत आपली दोन-चार चाकं ओतली जातात. धातू तोवर थंडावलेला असतो, आरे बारीक असतात, आणि बीड (कास्ट आयर्न) झटकन गार झालं की पांढरं पडतं, म्हणजे काचेसारखं कडक होतं. लेथवर टूल किंचाळत घसरतं आणि त्याची धार उडते. असं चाक फेकायचं कारण नाही. फाउंड्रीच्या भट्टीत 850 ते 900 अंशांपर्यंत तापवून भट्टीतच हळूहळू गार होऊ दिलं की बहुतेक वेळा कापता येतं.

पॅटर्न (वाळूत साचा पाडायचा नमुना) करताना बीड फुटाला एक सूत (1/8 इंच) आकसतं हे धरा. 61 मिमीच्या चाकाला ते साधारण 0.6 मिमी होतं. मशिनिंगसाठी सगळीकडून 1.5 ते 2 मिमी वेगळं. आणि पहिला काप भित्रा घेऊ नका. वरच्या सालीत वाळू असते, तिच्यावर टूल घासत राहिलं तर संपलंच. कार्बाइड टिप, कमी वेग, आणि साल खाली टाकून जाईल असा किमान 1 मिमीचा काप.

चाकं आणि दांडे

एका बाजूचा क्रँकपिन (चाकावरची, दांडा अडकवायची खुंटी) दुसऱ्या बाजूच्या 90 अंश पुढे असतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. गंमत अशी की नेमके 90 आले नाहीत तरी इंजिन चालतं. 89 असू देत, पण दोन्ही धुऱ्यांना 89च. एका धुऱ्यावर 1 अंश चुकला तर 10 मिमीच्या क्रँक थ्रोवर (धुऱ्याच्या मध्यापासून पिनपर्यंतचं अंतर) तो 0.17 मिमी होतो आणि दांड्याच्या भोकात ढिलाई असते जेमतेम 0.05. म्हणून कोन पक्का धरणारा जिग आधी बनवा, चाकं मग बसवा. लॉकटाइट 638 हा चिकटवणारा द्रव वापरत असाल तर बसणीत 0.03 ते 0.05 मिमी जागा ठेवा, तेलाचा अंश अ‍ॅसिटोनने पुसा, आणि एकदा पकडल्यावर "जरा इकडे" म्हणून चाक फिरवू नका. जोड तिथेच कच्चा होतो. भार द्यायच्या आधी 24 तास जाऊ द्या.

इंजिन फेऱ्यात एका ठराविक जागी अडतंय? एका बाजूचा दांडा काढा आणि फिरवा. मोकळं फिरलं तर क्वार्टरिंग, म्हणजे तो 90 अंशांचा कोन, चुकलंय. तरीही पिन धुऱ्यांच्या रेषेत आल्यावर अडलं तर दांड्याच्या भोकांमधलं अंतर आणि धुऱ्यांमधलं अंतर जुळत नाही. रीमर घालून भोक मोठं करणं हा उपाय नव्हे. त्याने अडणं जातं आणि खडखड येते.

व्हॉल्व्ह

सर्वात जास्त वेळ इथे जातो, आणि जायलाच हवा. स्लाइड व्हॉल्व्हची नेहमीची चूक म्हणजे तो स्पिंडलच्या (व्हॉल्व्ह ओढणारी काडी) नटमध्ये घट्ट बसवणं. वाफेने त्याला पोर्टच्या (सिलिंडरमध्ये वाफ जायची भोकं) पृष्ठभागावर दाबायचं असतं. खाचेत वर-खाली 0.1 ते 0.2 मिमी मोकळीक नसेल तर तो अधांतरी राहतो आणि वाफ सरळ धुराड्यातून निघून जाते. ओळखायची खूण सोपी आहे: चाकं धरून ठेवली तरी धुराड्यातून सतत फुसफूस. मोकळीक दिल्यावरही थांबली नाही तर व्हॉल्व्ह काचेच्या तुकड्यावर 600 आणि मग 1000 नंबरच्या वॉटर पेपरवर तेल घालून घासा. तळ सगळा सारखा मंद दिसला पाहिजे. मधे चमकणारा डाग राहिला असेल तर तिथे खोलगट आहे. एवढ्यानेही फुसफूस राहिली तर पिस्टनचं पॅकिंग पाहा.

जुळणी झाकण काढून करा. पिस्टन पुढच्या टोकाला असताना पोर्ट किती उघडलं ते पाहा, मागच्या टोकालाही पाहा. पुढे 0.3 आणि मागे 0.1 मिमी असेल तर व्हॉल्व्ह फरकाच्या निम्मा, म्हणजे 0.1 मिमी सरकवायचा. एम-2 आट्याची पिच 0.4 मिमी असते, त्यामुळे स्पिंडलचा पाव फेरा पुरतो. दोन्हीकडे सारखं झाल्यावरच एक्सेंट्रिकचा कोन हलवा. उलट क्रमाने केलं तर दिवसभर तेच करत बसाल.

मग हवेवर चालवा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसरही चालतो, मात्र दाब कमी करणारा रेग्युलेटर लावून. चाकाच्या एका फेऱ्यात चार भक्के, सारख्या अंतराने. दोन जोरदार आणि दोन मलूल येत असतील तर व्हॉल्व्ह मधोमध नाही.

बॉयलर

कायद्यात 25 लिटरपेक्षा कमी क्षमतेचं भांडं बॉयलर धरलं जात नाही. म्हणजे तपासायला कुणी येणार नाही, आणि म्हणूनच तपासणी आपणच, कडकपणे करायची.

54 मिमी व्यासाची, 1.5 मिमी जाडीची तांब्याची नळी 3 किलो दाबाला मुळीच दमत नाही. दमतात त्या सपाट टोकाच्या चकत्या. 3 किलोला प्रत्येक चकतीवर सुमारे 60 किलोचा रेटा येतो, दुप्पट दाबाच्या चाचणीत 120. म्हणजे सिमेंटची जवळजवळ अडीच पोती. म्हणून चकती 2 ते 2.5 मिमीची, काठ वळवलेली, आणि आतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आधाराचा दांडा. काठ ठोकताना कान द्या. मऊ तांब्याचा आवाज मठ्ठ असतो, कडक झालं की टणटण वाजू लागतं. तिथेच थांबून मंद लाल तापवा आणि पाण्यात सोडा. एका चकतीला असं तीन-चार वेळा करावं लागतं. न करता रेटलं की काठाला चीर जाते.

जोडाला 55 टक्के चांदीची, कॅडमियम नसलेली कांडी घ्या. ती 630 ते 660 अंशांत वितळते. सोनाराकडच्या डाखात काय आहे ते कळत नाही आणि कॅडमियम असेल तर त्याचा धूर विषारी. फ्रिज दुरुस्तीवाल्याची फॉस्फरसची कांडी तांब्याला छान चिकटते, पण कोळशाच्या धुरातला गंधक तिला खातो आणि पोलादाशी तिचा जोड ठिसूळ होतो. कथलाचं साधं सोल्डर सर्वात फसवं. ते 183 अंशांच्या आसपास वितळायला लागतं आणि 3 किलोची वाफ असते 143 अंशांना, त्यामुळे पाणी आहे तोवर सगळं ठीक दिसतं.

जोड धरत नाही याचं कारण बहुधा कमी उष्णता. तांबं उष्णता पसरवून टाकतं. खानापूरकडची कौलं, विटा कितीही नावाजलेल्या असल्या तरी साधी वीट उष्णता पिते आणि ओली असेल तर फुटून उडते. चारही बाजूंनी हलक्या इन्सुलेशन विटा रचा, ज्योत कांडीवर न धरता कामावर धरा, कांडी तापलेल्या तांब्यानेच वितळू द्या. जोडात 0.05 ते 0.1 मिमी फट हवी. पक्का बसवलेल्या जोडात धातू शिरतच नाही. बुश (बॉयलरला जोडलेले आट्यांचे तुकडे) गनमेटलचे, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रधातूचे. पितळेतलं जस्त कालांतराने पाण्यात निघून जातं आणि आटे भुसभुशीत होतात. साफसफाईला वाण्याकडच्या लिंबूसत्त्वाचं दहा टक्के कोमट पाणी चालतं, फक्त त्यात लोखंडी चिमटा बुडवू नका, सगळ्यावर तांब्याचा थर चढतो.

चाचणी पाण्याचीच, हवेची कधीच नाही; दाबलेली हवा फुटली तर तुकडे उडतात. प्लंबरकडचा पाइपलाइन टेस्टिंगचा हातपंप आणा, बॉयलर काठोकाठ भरून हवा काढा, 6 किलोवर अर्धा तास ठेवा. काटा उतरायला नको आणि चकती फुगायला नको.

गॅस, पाणी, तेल

घरगुती सिलिंडरमधून इंजिनाची टाकी भरण्याचा जुगाड करू नका. त्यात प्रोपेनही असतो. 40 अंशांना ब्युटेनचा दाब 3 किलोच्या आसपास राहतो, शुद्ध प्रोपेनचा 13 च्या जवळ जातो. ज्योत स्मोकबॉक्समध्ये (धुराड्याखालचा डबा) जळत असेल तर गॅस जास्त आहे. कमी करा, ती परत बॉयलरमधल्या ज्योतीच्या नळीत जाईल. जेट (गॅस सोडणारं बारीक तोंड) तुंबला तर सुई घालू नका. 0.15 मिमीचं भोक एकदा वाकडं झालं की ज्योत कधीच सरळ येत नाही. डिसेंबरच्या सकाळी गॅस मंदावला तर टाकीखाली कोमट पाण्याची वाटी ठेवा.

बोअरचं पाणी वापरलं की आत क्षार साचतात. पावसाळ्यात पहिले दोन-तीन सडाके सोडून कौलावरचं पाणी गाळून भरून ठेवा. लुब्रिकेटरमध्ये (वाफेत तेल सोडणारी कुपी) 460 ग्रेडचं स्टीम सिलिंडर ऑइल घाला. मोटारचं तेल वाफेत टिकत नाही. पिस्टन कोरडा कुरकुरत असेल तर आधी लुब्रिकेटर उघडा, त्यात नुसतं पाणी भरलेलं सापडेल. दर फेरीनंतर ते काढायचं असतं.

जून ते सप्टेंबर बीडाचा सिलिंडर एका रात्रीत गंजतो. चालवून झाल्यावर इंजिन गरम असतानाच बॉयलर रिकामा करा, पोर्टमध्ये चार थेंब तेल सोडा आणि चाकं हाताने दहा-बारा फेरे फिरवून मगच कापडात गुंडाळा.