लाटणं, चाळणी आणि पेपरमिंटच्या गोळ्या

डिसेंबर लागला की आमच्या वसईच्या घरात लाटण्याच्या वाट्याला पोळ्या कमी आणि गोळ्याच फार येतात. नाताळच्या ऑर्डरींत पांढऱ्या चॉकलेटवरचा पेपरमिंटचा चुरा सगळ्यात आधी संपतो.

400 ग्रॅम पांढऱ्या कंपाउंडला (कोको बटरऐवजी वनस्पती तेल घातलेलं चॉकलेट) 100 ग्रॅम गोळ्या पुरतात. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या, दाताखाली कडकन फुटणाऱ्या घ्या. जाड पिशवीत घालून लाटण्याने ठेचा. मिक्सर नको, निम्म्या गोळ्यांचं पीठ होतं आणि भांडं तापलं की ते पात्याला चिकटतं. (खरवडायला मग नवऱ्याला हाक मारावी लागते.) ठेचलेलं पिठाच्या चाळणीने चाळा. खाली पडलेली पूड चॉकलेटमध्ये जाते, चाळणीत राहिलेले तुकडे वरून पसरायला.

पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करा, वर काचेचा बाऊल ठेवा, त्यात कंपाउंड वितळवा. बाऊल उतरवल्यावर त्याचा तळ फडक्याने कोरडा पुसा, कारण थेंबभर पाणी आत गेलं तरी चॉकलेटच्या गुठळ्या होतात. पाण्यातला इसेन्स घातला तरी तीच गत, म्हणून मी खाण्याचं पेपरमिंट तेल वापरते. चार थेंब. पाचवा पडला की टूथपेस्ट आठवते! पूड ढवळा, बटरपेपरवर पातळ पसरा आणि चॉकलेट ओलं असतानाच तुकडे हलकेच दाबा.

पहिल्यांदा मी हे जुलैत केलं, पुतणीच्या वाढदिवसाला. रात्री काय देखणं दिसत होतं! सकाळी बघते तर प्रत्येक तुकड्याभोवती गुलाबी पाणी सुटलेलं. साखरेने हवेतला ओलावा ओढला होता. तेव्हापासून पावसाळ्यात ऑर्डर घेत नाही. फ्रिजमधून डबा काढला तरी तो खोलीइतका गरम होईपर्यंत झाकण उघडत नाही.

आइस्क्रीम, कस्टर्डला मात्र गोळ्या विरघळवाव्यात. पाव लिटर गरम दुधात 60 ग्रॅम पूड घाला, साखर तेवढी कमी करा. दूध उकळू नका; वाफेबरोबर पेपरमिंटचा गारवा देणारं मेंथॉल उडून जातं आणि हाती नुसतं गोड गुलाबी दूध उरतं. वर कुरकुरीत चुरा हवा तर तो वाढताना घाला, आधी घातलात तर विरघळेल. सासूबाईंना मात्र वाटीत वेगळा द्यावा लागतो. त्या आइस्क्रीम बाजूला ठेवून तो नुसताच खातात.