ऊन, धूळ आणि एसटीचा प्रवास सोसणारी हँडहेल्ड गेमची देखणी केस कशी निवडावी

संक्रांतीला पुण्याहून भाचा गावी आला तेव्हा त्याच्या हातात निंटेंडो कंपनीचा स्विच, म्हणजे हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र होतं आणि त्यावर काळं सिलिकॉनचं कव्हर. भाव वाढायची वाट पाहत ठेवलेला कापूस तेव्हा आमच्या मधल्या खोलीत छताला टेकला होता. पोरं चार दिवस त्या ढिगावर लोळत खेळली. पाचव्या दिवशी मी कव्हर सोलून काढलं, तर आत कापसाच्या तंतूंचा पातळ थर बसलेला. त्यात अडकलेल्या वावरातल्या बारीक मातीने स्विचच्या पाठीवर नखाने ओढल्यासारखे चरे पाडले होते. पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्याच कव्हरने वर्षभर काही त्रास दिला नव्हता.

तेव्हापासून घरातल्या आणि शेजारच्या पोरांसाठी तीन-चार केसेस निवडून दिल्या. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. आपल्याकडे केसला आधी धूळ आणि ऊन अडवावं लागतं, पडण्या-आपटण्याचा नंबर त्यानंतर लागतो. म्हणून देखणेपण सोडायचं असं मात्र नाही. पोरं रोज हातात घेणार ती वस्तू सुंदरच हवी.

आधी पुठ्ठा कापा

दुकानात यंत्र घेऊन फिरू नका, त्याच्या मापाचा पुठ्ठा न्या. जॉय-कॉन (दोन्ही बाजूंना लागणारे बटणांचे कंट्रोलर) लावलेला पहिला स्विच 239 मिमी लांब आणि 102 मिमी रुंद आहे, ओएलईडी मॉडेल 242 मिमी लांब. स्विच लाइट लहान, 208 बाय 91. 2025 मध्ये आलेला स्विच 2 मात्र 272 बाय 116 मिमी आहे. तो जुन्या स्विचच्या केसमध्ये बसत नाही, तरी दुकानदार ‘स्विचचीच आहे’ म्हणून जुनी केस पुढे करतात. स्टीम डेक (वॉल्व्ह कंपनीचं असंच हातात धरायचं यंत्र) 298 बाय 117 मिमी आणि मुठींपाशी जवळपास 49 मिमी जाड असतो. त्याच्या खोक्यात कंपनीची केस येतेच, म्हणून जुना डेक विकत घेणाऱ्याने ती आधी मागून घ्यावी.

पुठ्ठा केसमध्ये ठेवून हलवा. करंगळीचं टोक जाईल एवढी फट चालते. त्याहून जास्त असेल तर एसटीच्या प्रत्येक खड्ड्याला यंत्र आत आपटणार.

कव्हर आणि केस यांतला फरक

खेळताना यंत्रावर चढवलेलं राहतं ते कव्हर, आणि नेताना ज्यात ठेवून चेन लावतो ती केस. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर केस घ्या, यात मला शंका नाही. कव्हरने पडद्याचं रक्षण होत नाही, काड्यांचं होत नाही आणि धूळही अडत नाही. (काड्या म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या त्या दोन ॲनालॉग स्टिक.)

कव्हर घ्यायचंच असेल तर सिलिकॉन टाळा, तंतू आणि माती त्याला चिकटून बसते. टीपीयूचं (लवचिक प्लास्टिकचं) बरं, फक्त पारदर्शक टीपीयू उन्हाने काही महिन्यांत पिवळं पडतं. वाऱ्याची भोकं उघडी आहेत का ते बघा. स्विच आणि स्टीम डेक दोन्ही पाठीकडून हवा ओढतात आणि वरच्या कडेने गरम हवा सोडतात. यातलं एक जरी झाकलं गेलं तरी पंखा घुरघुरायला लागतो. जाड कव्हर घातलेला स्विच टीव्हीच्या डॉकमध्ये (टीव्हीला जोडायच्या खोबणीत) जोर लावून बसवू नका, पडद्याला चरे पडतात.

दुकानात उभ्या उभ्या करायच्या परीक्षा

ईव्हीएची, म्हणजे कडक फेसाच्या कवचाची केस आपल्या कामाची. ती हलकी असते आणि दाबली तरी परत आकार घेते. रेक्झिनच्या केसेस काचेच्या कपाटात फार रुबाबदार दिसतात, पण एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेला की पोपडे सुटतात आणि ते पोपडे बटणांत जातात. मी त्या घेत नाही आणि घेऊ देत नाही.

चेन वीस वेळा उघड-बंद करा. कोपऱ्यावर अडली तर खाली ठेवा, इथली माती गेल्यावर ती आणखी अडणार. मग केस बंद करून आत मोबाइलची बॅटरी पेटती ठेवा आणि दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात चेनभोवती बघा. जिथून उजेड येतो तिथून सोयाबीनच्या मळणीतलं कुटारही आत जाईल. बारीक ठिपके चालतात, सलग रेघ नको.

सगळ्यात महत्त्वाची परीक्षा घरी करायची, म्हणून परत करता येईल अशा बोलीवरच केस घ्या. शाळेतला पांढरा खडू दोन्ही काड्यांच्या डोक्यावर हलकासा घासा, यंत्र केसमध्ये ठेवा, चेन लावा आणि वरून तळहाताने दाबा. उघडल्यावर झाकणाच्या आतल्या अस्तरावर पांढरा ठिपका उमटला असेल तर झाकण काड्यांना टेकतं आहे. आज ठिपका दिसतो, पुढे पिशवीत वर डबा ठेवला की तोच दाब काडीच्या मुळाशी जातो. आमच्या ओळखीतल्या एका पोराच्या यंत्राची डावी काडी अशीच गेली. हात न लावता गेममधला माणूस एका बाजूला चालत राहायचा. चांगल्या केसमध्ये काड्यांच्या जागी अस्तराला खळगा असतो किंवा झाकण तेवढं उंच असतं. खडू ओल्या फडक्याने पुसून टाका.

गेमकार्डांचा कप्पा झाकणाला असेल तर त्यावर मऊ पडदा हवा, नाहीतर कार्डांच्या कडा यंत्राच्या पडद्याला लागतात. (स्विचच्या कार्डांना डेनाटोनियम बेंझोएटचा कडू लेप मुद्दाम दिलेला असतो, लहान लेकरांनी तोंडात घालू नये म्हणून. तरी कप्पा त्यांच्या हाताबाहेरच बरा.)

उन्हाचं गणित

स्विचसाठी कंपनीने वापराचं तापमान 5 ते 35 अंश सांगितलं आहे, स्टीम डेकसाठी 0 ते 35. आपल्याकडे चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला मे महिन्यात 45 च्या घरात असतात, आणि टिनाखालची खोली त्याहून वाईट. तेव्हा केस यंत्राला थंड ठेवेल ही अपेक्षाच ठेवू नका. फेस उष्णता अडवतो, बाहेरचीही आणि आतलीही. तासभर खेळून तापलेलं यंत्र लगेच चेन लावून बंद केलं तर ती उष्णता आतच कोंडते आणि बॅटरीचं आयुष्य कमी होतं. आधी पूर्ण बंद करा, नुसतं स्लीप मोडवर झोपवू नका. पंधरा मिनिटं माठाजवळच्या सावलीत राहू द्या, मग केसमध्ये ठेवा.

केसचा रंग फिका घ्या. काळा रंग ऊन पितो, हे नवतपाच्या दिवसांत काळ्या गाडीच्या सीटवर बसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पांढरी मात्र काळ्या मातीत दोन दिवसांत ओळखू येत नाही. बदामी, राखाडी किंवा आकाशी हे मधले रंग बरे. मला स्वतःला वरुडच्या संत्र्याचा केशरी सगळ्यात आवडतो. तो डोळ्यांना गोड लागतो आणि एसटीच्या रॅकवर, खाटेखाली किंवा धुऱ्यावर राहिला तर लांबून दिसतो.

गाडीच्या डिक्कीत केस ठेवू नका, सीटखालची जागा भट्टी होते. कूलरसमोरही नको, त्याच्या वाऱ्याबरोबर पाण्याचे बारीक कण येतात.

आता देखणेपण

बाजारात मिळणाऱ्या केसवर कार्टून छापलेलं असतं आणि सहा महिन्यांत ते घासून जातं. त्यापेक्षा साधी, एकरंगी ईव्हीए केस घ्या आणि तिला कापडाची खोळ शिवून घ्या. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतो तसंच हे. पहिली धूळ खोळीवर बसते, चेनपर्यंत कमी जाते, आणि खोळ धुता येते.

आमच्या गावच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी भाच्यासाठी जाड खादीची खोळ शिवली आणि तिच्या तोंडाला आजीच्या जुन्या टसर पातळाचा करवती काठ लावला. करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेला हा काठ विदर्भाचीच ओळख आहे. ताईंनी विचारलं, “भाऊ, काठ उभा लावू का आडवा?” मी आडवा सांगितला. लाल दात केशरी केसच्या कडेवर बरोबर बसले. भाचा पुण्याला गेल्यावर त्याच्या मित्रांनी पहिला प्रश्न गेमचा नाही, त्या काठाचा विचारला.

शिवताना दोन गोष्टी सांभाळा. काठ थेट केसला टाचू नका, सुईची भोकं म्हणजे धुळीला आणि पावसाला वाटा. आणि कापड आधी एकदा धुऊन, वाळवून मगच मापाला कापा. खादी आटते. खोळ केसपेक्षा सगळ्या बाजूंनी दीड सेंटीमीटर मोठी ठेवा, तोंडाला नाडी घाला. नाडीला घुंगरू किंवा धातूचा मणी नको, उघडताना तो पडद्यावर आपटतो.

पावसाळ्यात औषधाच्या डबीत किंवा नव्या बुटांसोबत येणारी सिलिका जेलची पुडी केसच्या कप्प्यात ठेवा, फाटलेली नको. महिन्यातून एकदा केस रिकामी करून सावलीत उघडी ठेवा आणि अस्तर कोरड्या टूथब्रशने झाडा.

शेवटी झाकणाच्या आत कापडाची एक पट्टी लावून तिच्यावर पक्क्या शाईने नाव आणि घरातल्या मोठ्या माणसाचा मोबाइल नंबर लिहा. एसटीत विसरलेली पिशवी कंडक्टर आगारात जमा करतात, पण परत कुणाला करायची ते त्यांना कळलं पाहिजे.