पीआयटी करायची तर आधी पाईलचं डोकं नीट करा

नवी मुंबईत खाडीलगतच्या साइटवर मी पाईलचं, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल भरलेल्या काँक्रीटच्या खांबांचं काम बघते. पीआयटी, म्हणजे डोक्यावर हातोडी मारून, परत येणारी लहर सेन्सरच्या ग्राफवर बघून पाईल तपासणं, यासाठी आयएस १४८९३ हे भारतीय मानक आहे. ते वाचाच. पण ग्राफ बिघडतात ते बहुतेक पाईलच्या डोक्यावर.

काँक्रीटला १४ दिवस होईपर्यंत मी सेन्सर लावू देत नाही. मग पाईलचं डोकं कट-ऑफ लेव्हलपर्यंत, म्हणजे ठरलेल्या वरच्या पातळीपर्यंत फोडायचं. वरचं भुसभुशीत, चिखलमिश्रित काँक्रीट पूर्ण गेलं पाहिजे. शेवटचा थर मात्र छिन्नीने, हाताने काढा. ब्रेकरने तिथे तडे जातात आणि ग्राफ त्या तड्यांचाच येतो. तळहाताएवढ्या तीन-चार जागा ग्राइंडरने सपाट करा, पाणी पुसा, सेन्सर मेणाने घट्ट बसवा.

नायलॉनच्या टोकाची छोटी हातोडी घ्या, ठोका सरळ उभा मारा. प्रत्येक जागी पाच-सहा ठोके घ्या आणि एकमेकांशी जुळणारेच ठेवा.

काँक्रीटमध्ये लहर सेकंदाला साधारण ४००० मीटर जाते. २० मीटरच्या पाईलचं तळ गाठून परत यायला तिला १० मिलिसेकंद लागतात. त्याआधीच ठोक्याच्या दिशेने उसळी दिसली, तर तिथे पाईल आवळलाय किंवा काँक्रीट कच्चं आहे. उलट दिशेची उसळी म्हणजे फुगवटा, नाहीतर बाहेरचा कडक थर. खडकात नीट बसलेल्या पाईलचं तळ पुसट दिसतं, त्याने घाबरू नका.

एका पाईलला दीड मिलिसेकंदालाच उसळी आली. म्हणजे ३ मीटरवर. मी काँक्रीटचं रजिस्टर काढलं: शेवटची गाडी दोन तास उशिरा आली होती, आणि लायनर (भोकाची माती धरून ठेवणारी लोखंडी नळी) त्यानंतर ओढला होता. बाजूने खणलं तर तिथे काँक्रीटऐवजी चिखल, सळया उघड्या. तिथपर्यंत फोडून नव्याने काँक्रीट भरलं आणि पुन्हा पीआयटी केली, कारण वरच्या मोठ्या दोषाखाली दुसरा असला तर पहिल्या ग्राफमध्ये तो दिसत नाही. म्हणून ग्राफ बघताना रजिस्टर शेजारी उघडं ठेवा.

पाईल किती भार घेईल हे यातून कळत नाही, त्याला लोड टेस्टच लागते. आणि १२०० मिमीच्या पाईलला क्रॉसहोल (पाईलमधल्या नळ्यांत प्रोब सोडून, एका नळीतून दुसरीकडे ध्वनिलहर पाठवून तपासणं) करायचं असेल तर नळ्या केज, म्हणजे सळयांचा सांगाडा, उतरवण्याआधीच त्याला बांधा, काँक्रीटच्या आधी पाण्याने भरा आणि तोंडं झाका. नळीत स्लरी गेली की प्रोब खाली जात नाही.