क्योटो बघायला निघालात? या चुका टाळा

“सकाळी किंकाकुजी, मग गिंकाकुजी, दुपारी निजो किल्ला, संध्याकाळी आराशियामा.” असलं वेळापत्रक तुमच्याही व्हॉट्सॲपवर आलं असेल. कागदावर झकास दिसतं. पण किंकाकुजी (सोनेरी मंदिर) शहराच्या वायव्येला, गिंकाकुजी (रुपेरी मंदिर) ईशान्येला, बांबूच्या बनाचं आराशियामा पार पश्चिमेला. दिवसाचा निम्मा वेळ बसमध्ये उभं राहण्यात जातो. क्योटो ७९४ पासून १८६८ पर्यंत जपानची राजधानी होती, तेव्हा बघण्यासारखं इथे गल्लोगल्ली आहे. यादी करून फिरू नका, नकाशा समोर ठेवून एक दिवस एकाच बाजूला द्या. किंकाकुजी केलंत की पायी वीसेक मिनिटांवर र्‍योआनजी मंदिर आहे. तिथल्या खडीच्या बागेत १५ दगड आहेत आणि कुठेही बसलात तरी एखादा लपतोच. मुलं सोबत असतील तर त्यांना मोजायला बसवा, तेवढीच शांतता.

संध्याकाळ म्हणजे पाच नव्हे, चार

आपल्याकडे देवळं रात्रीपर्यंत उघडी, त्यामुळे ही चूक हमखास होते. माझीही झाली. निजो किल्ल्याच्या दारात सव्वाचारला पोचलो, तर प्रवेश ४ वाजताच बंद झालेला. पहारेकऱ्याने इतक्या वेळा वाकून माफी मागितली की मलाच अपराधी वाटलं. हा किल्ला तोकुगावा इएयासूने १६०३ मध्ये बांधून घेतला, आणि १८६७ मध्ये शेवटच्या शोगुनने (लष्करी राज्यकर्त्याने) सत्ता सोडत असल्याचं इथेच जाहीर केलं. आतल्या महालात पाऊल टाकलं की लाकडी जमीन पाखरासारखी चिवचिवते. हे ऐकायचं तर सकाळीच जा. जानेवारी, जुलै, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये मंगळवार टाळा.

बहुतेक मोठी मंदिरंही पाचच्या सुमारास मिटतात आणि शेवटचा प्रवेश त्याआधी अर्धा तास असतो. उलट कियोमिझुदेरा सकाळी ६ ला उघडतं. सध्याचा मुख्य मंडप १६३३ चा, दरीवर सुमारे १३ मीटर उंच उभा. सकाळी सातला तिथे कोवळं ऊन असतं, अकराला फक्त माणसांची डोकी.

तरीही उशीर झालाच तर? फुशिमी इनारी हे लाल कमानींचं, डोंगरावरचं देवस्थान गाठा. ते चोवीस तास उघडं असतं आणि तिकीटही नाही.

इनारीची गाडी चुकली तर

क्योटो स्टेशनवरून जेआरच्या (जपान रेल्वेच्या) नारा लाइनने इनारी दुसरंच स्टेशन. पण जलद गाडी तिथे थांबत नाही! मुंबईत आयुष्यभर ‘फास्ट की स्लो’ विचारणारी माणसं परदेशात गेल्यावर हा प्रश्न विसरतात. स्लो गाडीच पकडा. चुकून त्याच मार्गावरच्या उजी शहरापर्यंत पोचलातच तर हळहळू नका, तिथे १०५३ चा ब्योदोइन मंदिराचा फिनिक्स मंडप आहे. १० येनच्या नाण्यावर जो दिसतो तोच. तो बघून परत या.

इनारीला दुसरी चूक म्हणजे पायथ्याच्या कमानींत फोटो काढून मागे फिरणं. डोंगर २३३ मीटरचा, पूर्ण फेरीला दोन-तीन तास लागतात. अर्ध्या वाटेवरच्या योत्सुत्सुजी चौकानंतर गर्दी विरळ होते. उतरताना कमानींच्या मागच्या बाजूला देणगीदारांची नावं आणि तारखा कोरलेल्या दिसतात. इनारी भाताची आणि व्यापाराची देवता, त्यामुळे देणगीदारांत कंपन्याच जास्त. आपल्या देवळांतल्या संगमरवरी फरशा आठवतात.

बस आणि पास

जुन्या माहितीवर विसंबून फक्त बसचा एक दिवसाचा पास शोधू नका. त्याची विक्री २०२३ मध्येच बंद झाली. आता भुयारी रेल्वे आणि बस मिळून ११०० येनचा पास आहे. बसमध्ये मागून चढायचं, पुढून उतरायचं आणि पैसे उतरताना द्यायचे. शहराच्या मुख्य भागात भाडं २३० येन. भाड्याची पेटी सुटे परत देत नाही. आधी शेजारच्या फटीत १००० ची नोट घालून चिल्लर करून घ्या, तीही सिग्नलला बस थांबलेली असताना, म्हणजे मागच्यांचा खोळंबा होत नाही. मोठ्या बॅगा घेऊन तर बसमध्ये चढूच नका. किंकाकुजीला जाताना किताओजीपर्यंत भुयारी रेल्वेने जा, तिथून बस धरा. बराच वेळ वाचतो.

टोकियोहून फक्त क्योटोला जाऊन येणार असाल तर जेआर पास (पर्यटकांचा देशभराचा रेल्वे पास) घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ दिवसांचा पास ५०,००० येनवर गेला. शिनकानसेनचं (बुलेट ट्रेनचं) जाण्यायेण्याचं तिकीट साधारण २८,००० मध्ये होतं.

कॅमेरा कुठे खाली ठेवायचा

गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीतल्या खासगी गल्ल्यांत फोटोला बंदी आहे, दंड १०,००० येन. गेइको (क्योटोतली गेइशा) कामावर निघालेली असते, तिची वाट अडवू नका.

सांजुसांगेन्दो मंदिरातही फोटो चालत नाहीत, आणि माझ्या मते ते बरंच आहे. सुमारे १२० मीटर लांब मंडपात कान्नोन या करुणेच्या बौद्ध देवतेच्या १००१ मूर्ती ओळीने. बहुतेक जण हजार मूर्ती बघून थक्क होतात आणि भराभर पुढे सरकतात. इथेच चुकतं. पुढच्या रांगेतल्या २८ रक्षकांपाशी थांबा. बासरी वाजवणारा, चोच असलेला एक दिसेल. त्याचं नाव कारुरा, म्हणजे आपला गरुड. याच रक्षकांत तैशाकुतेन, म्हणजे इंद्र, आणि बोनतेन, म्हणजे ब्रह्मदेव. बूट बाहेर काढावे लागतात, तेव्हा मोजे धड घालून जा. हिवाळ्यात ती लाकडी जमीन बर्फासारखी गार असते.