‘हा कटच आहे!’ : वादविवादात उतरण्याआधी या चुका टाळा

‘षड्यंत्र-सिद्धांतांना गांभीर्यानं घ्यावं का?’ असा विषय आला की पोरं खूश होतात. वाचायला काही लागत नाही, दोन व्हिडिओ बघितले की तयारी झाली, असा समज. कोल्हापूर परिसरातल्या कॉलेजांत परीक्षक म्हणून बसून त्याच त्या चुका ऐकून कान किटलेत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘काय घडलं’ आणि ‘कुणी मुद्दाम घडवलं’ हे एकाच वाक्यात कोंबणं.

एका अंतिम फेरीत उदाहरण निघालं कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचं. आपल्याकडं ते निघणारच. विरोधी बाजूचा मुलगा हसत म्हणाला, “अलमट्टीमुळं महापूर येतो हा व्हॉट्सॲपचा शोध आहे. 2019 च्या महापुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीनं नाही म्हटलंय, विषय संपला.” समोर शिरोळ तालुक्यातली मुलगी. 2019 ला तिच्या घरात पाणी शिरलेलं. ती म्हणाली, “समितीनं काय काय तपासलं, तेवढं सांग की.” मुलगा गार. अहवाल सोडा, त्यानं बातमीसुद्धा पुरती वाचली नव्हती. टाळ्या पडल्या आणि ती मुलगी रंगात आली : “कर्नाटकानं आपल्याला मुद्दाम बुडवलं!” पुरावा विचारला तर, “अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे.” टाळ्या दुप्पट. मी दोघांचेही गुण कापले. बाहेर एका पालकानं गाठून सुनावलं, “सर, तुमच्या घरात पाणी आलं नाही म्हणून तुम्हाला सुचतंय.”

सुचतंय खरं. धरणाचा फुगवटा, म्हणजे अडवलेलं पाणी, नदीत मागं किती लांब पोचतो, हा मोजता येणारा प्रश्न आहे. माझी सवय अशी : वहीच्या पानावर उभी रेघ मारायची. डावीकडं पाण्याचा हिशोब. अलमट्टीची पातळी, तिथली आवक आणि विसर्ग, नृसिंहवाडीची पातळी, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर (39 ला इशारा, 43 ला धोका), आणि या सगळ्याच्या तारखा-वेळा. उजवीकडं हेतू : कुणाचा आदेश, कुठलं पत्र, कोण साक्षीदार. उजवी बाजू रिकामी राहिली तर ती रिकामीच दाखवायची. डावीकडचे आकडे उचलून तिकडं टाकायचे नाहीत. अलमट्टीची उंची (समुद्रसपाटीपासून) 519.6 वरून 524.256 मीटर करायला विरोध करायचा असेल, तरी डावी बाजू पुरते. त्यासाठी कुणाच्या मनात शिरावं लागत नाही.

राधानगरी धरणाचंही तेच. “रात्री दरवाजे मुद्दाम उघडले” हे दर पावसाळ्यात ऐकू येतं. ते सातही दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठराविक पातळीला गेलं की आपोआप उघडतात. पाच मिनिटं चौकशी केली तर कळतं. पण पाच मिनिटं आहेत कुणाकडं?

“वॉटरगेट खरं निघालं, म्हणजे हेही खरं.” नाही. वॉटरगेट, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या माणसांची हेरगिरी आणि ती दडपण्याचा कट, खरं ठरलं ते पत्रकारांची पायपीट, कोर्ट, सिनेटची चौकशी आणि खुद्द अध्यक्षांच्या कचेरीतल्या ध्वनिफितींमुळं. तुमच्याकडं त्यातलं काय आहे, ते बोला.

कट नाकारणाऱ्या, संशयवादी बाजूचा आळशी मुद्दा : “एवढ्या माणसांच्या पोटात गुपित राहत नाही.” अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात लाखाहून जास्त माणसं राबली, बहुतेकांना आपण काय बनवतोय हे हिरोशिमानंतर कळलं. अमेरिकेतल्याच टस्कीगी गावात तर 1932 ते 1972 एका सरकारी अभ्यासात सिफिलिसच्या कृष्णवर्णीय रुग्णांना उपचाराविना ठेवलं, आणि त्यावरचे लेख वैद्यकीय नियतकालिकांत उघड छापून येत होते. गुपित ठेवायचीही गरज पडली नाही.

“पुरावा नाही, म्हणजेच दडपलाय” म्हणणाऱ्याशी वाद घालू नका. काय दाखवलं तर मत बदलशील, एवढंच विचारा आणि खाली बसा.

अमेरिकेची अपोलो चांद्रमोहीम खोटी म्हणणाऱ्याला चांद्रयान-2 नं टिपलेली अपोलोच्या उतरण्याच्या जागेची छायाचित्रं दाखवा. त्यावर अर्ध्या मिनिटाहून जास्त घालवू नका.

समोरच्याला ‘भक्त’, ‘विकला गेलेला’ म्हणणाऱ्याचे गुण मी लगेच कापतो, कारण देत नाही.

आणि “चौकशीत सिद्ध झालंय” हे मोघम वाक्य. नेताजी सुभाषचंद्र बोसांच्या मृत्यूच्या बाबतीत शाहनवाझ समिती आणि खोसला आयोग यांनी विमान अपघात मान्य केला, मुखर्जी आयोगानं तो नाकारला, आणि सरकारनं मुखर्जी आयोगाचा निष्कर्ष फेटाळला. म्हणजे दोन्ही बाजू हेच वाक्य छातीठोकपणे म्हणू शकतात. कुठली चौकशी, ते नाव घेऊन सांगा. नाव आठवत नसेल तर पुढच्या मुद्द्यावर जा, घंटा व्हायला वेळ लागत नाही.